महाग हेडफोन आणि सामान्य कान

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या खरेदी पुरवणीत हेडफोनविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात किंमत चढत जाईल तसा आवाजाचा दर्जाही चढत जातो, हे गृहीत धरूनच पुढचा सारा सल्ला दिलेला आहे. सोलापुरातील एका शाळेत मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले आणि ध्वनी हे माझ्या विशेष आवडीचे प्रकरण होते. त्यामुळे या गृहीतकाबद्दल गप्प बसणे मला योग्य वाटत नाही. शिवाय हा केवळ शास्त्रीय मुद्दा नाही. पुण्यात शिकायला गेलेली किंवा नुकतीच नोकरीला लागलेली आपल्याकडची मुले वीस-पंचवीस हजारांचा हेडफोन हप्त्यांवर घेतात, तेव्हा आवाज चांगला असणार या एकाच भरवशावर घेतात.

या भरवशाला मोजमापाचा आधार फारसा नाही. जेरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापे तपासून २०१७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडला, तो असा की, खर्जापासून तारस्वरापर्यंत कोणता स्वर किती जोराने ऐकू येतो याचा जो आलेख काढला जातो, त्याचा आणि बाजारातील किमतीचा काहीही संबंध आढळत नाही. हेडफोनचा आवाज आपल्याला दबका, कर्कश, भरदार की पोकळ वाटणार हे प्रामुख्याने याच आलेखावर ठरते. इतरही गुण असतात आणि ते या अभ्यासात मोजलेले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण जो गुण सामान्य श्रोत्याच्या सर्वांत आधी लक्षात येतो, तोच किमतीला बांधलेला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

मग दुकानात महाग हेडफोन डोक्यावर चढवताच आवाज अधिक खुलल्यासारखा का वाटतो? याचे पहिले कारण आवाजाची पातळी हे आहे. एकाच मोबाइलवर, आवाजाची कळ एकाच जागी ठेवून दोन हेडफोन लावले, तरी दोन्ही सारख्या मोठ्याने वाजत नाहीत, कारण मिळालेल्या विजेचे किती ध्वनीत रूपांतर करायचे हे प्रत्येकाच्या बांधणीवर अवलंबून असते. त्यात आपल्या कानाचा स्वभाव असा की हळू आवाजात त्याला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तोच खर्ज भरून येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवले आहे. त्यामुळे जो हेडफोन किंचित मोठ्याने वाजतो तो आपल्याला अधिक मोठा न वाटता अधिक चांगला वाटतो आणि गिऱ्हाइकाची फसगत बहुतेक वेळा इथेच होते.

आमच्या घरी पुतण्याने आणलेला महागडा हेडफोन आणि माझा साधा तारेचा हेडफोन यांची तुलना करताना आम्ही एक जाड पुठ्ठा घेतला, त्याला मधोमध भोक पाडून मोबाइलचा माइक त्यात बसवला आणि त्यावर हेडफोनची एक वाटी दाबून धरली. मग एकसारखा चालणारा खरखराट लावून दोन्ही हेडफोनची पातळी मोबाइलमधील ध्वनिमापकावर सारखी करून घेतली. प्रयोगशाळेच्या तोडीची ही रीत नाही, पण तुलनेपुरती पुरते. पातळी जुळवण्याआधी घरातल्या सगळ्यांनी महागड्यालाच पसंती दिली होती. जुळवल्यानंतर डोळ्यांवर रुमाल बांधून तानपुऱ्यावरचा आलाप आणि पखवाजाच्या साथीचा अभंग ऐकवला, तेव्हा मते विभागली आणि खुद्द पुतण्याने अभंगासाठी साधा हेडफोन निवडला.

डोळे बांधले तरी वजनावरून आणि गादीच्या स्पर्शावरून हेडफोन ओळखू येतो, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. ध्वनिसाधने बनवणाऱ्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय असा काढला की श्रोत्याच्या डोक्यावर एकच हेडफोन ठेवायचा आणि वेगवेगळ्या हेडफोनच्या मोजलेल्या आलेखांप्रमाणे आवाज बदलून तो त्याच एकातून वाजवायचा, म्हणजे ब्रँड, वजन, स्पर्श, किंमत यांपैकी काहीच कळत नाही. अशा चाचण्या त्यांनी अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीन या देशांतील श्रोत्यांवर घेतल्या. तयार कानाचे असोत वा सामान्य, बहुतेकांची आवड मोठ्या प्रमाणात एकाच प्रकारच्या समतोल आवाजाकडे झुकलेली आढळली. म्हणजे सामान्य माणसाला चांगले ऐकू येत नाही असे मुळीच नाही. त्याचा कान उत्तम निवड करतो, फक्त त्या वेळी किमतीची चिठ्ठी समोर असता कामा नये.

खोक्यावरच्या आकड्यांबाबतही थोडे लिहितो. ४० हजार हर्ट्झपर्यंतचा (म्हणजे सेकंदाला ४० हजार कंपनांपर्यंतचा) आवाज देणारा म्हणून जो हेडफोन विकला जातो, त्यातील २० हजारांच्या वरचे काहीही माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, आणि वय वाढेल तशी ही मर्यादा आणखी खाली येते. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापे, साठवणाऱ्या साध्या सीडीतच ही संपूर्ण श्राव्य कक्षा सामावते.

जास्त पैशांत काहीच मिळत नाही असे माझे म्हणणे नाही. मजबूत बिजागरी, बदलता येणाऱ्या गाद्या, फोनवर बोलण्यासाठी चांगला माइक आणि बाहेरचा गोंगाट कापणारी यंत्रणा यांना पैसे पडतात आणि ज्याला त्यांची गरज आहे त्याने ते अवश्य द्यावेत. सोलापूर–पुणे रेल्वेने नेहमी ये-जा करणाऱ्याला गोंगाट कापणारा हेडफोन खरोखर उपयोगी पडतो, कारण चाकांची आणि इंजिनाची अखंड घरघर ही यंत्रणा चांगली दाबते. मात्र यंत्रमागाचा खडखडाट हा वेगळा प्रकार आहे. कारखान्यात कानांच्या रक्षणासाठी गाण्याचा हेडफोन लावू नये, त्यासाठी वेगळी कर्णरक्षके मिळतात, हे सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगार बंधूंसाठी मुद्दाम लिहीत आहे.

कानात घालायच्या इअरफोनचा खर्ज हलका वाटत असेल, तर नवा घेण्याआधी त्याची रबरी टोपी बदलून पाहावी. टोपी सैल बसली की फटीतून खर्ज निसटतो, मग चांगल्यात चांगला इअरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या दिलेल्या असतात, पण पुष्कळ जण त्या हातही न लावता टाकून देतात. नीट बसलेल्या टोपीने बाहेरचा आवाजही अडतो आणि गाणे मोठ्याने लावावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की ही मुदत निम्म्यावर येते. कोणताही हेडफोन, कितीही किमतीचा असला तरी, या हिशेबातून सुटत नाही.

नवी पेठेतील आणि शहरातील इतर व्यापारी बंधूंना माझी विनंती आहे की, प्रत्येक किंमतगटातील निदान एक हेडफोन ऐकून पाहण्यासाठी उघडा ठेवावा. आज बहुतेक ठिकाणी खोक्याचे सील तोडल्यावर माल परत घेत नाहीत आणि तोडण्याआधी ऐकू देत नाहीत. अशा स्थितीत गिऱ्हाईक किमतीवरून दर्जा ठरवते, यात त्याचा दोष नाही. ग्राहकांनीही स्वतःच्या मोबाइलमधले नेहमीचे, पाठ झालेले गाणे घेऊन जावे, दोन्हींचा आवाज कानाला शक्य तितका सारखा करून घ्यावा आणि किंमत शेवटी विचारावी. आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी हेडफोनवर लेख येईल, तेव्हा त्यात तुलना कोणत्या पातळीवर आणि कोणत्या पद्धतीने केली हे छापले जावे, एवढेच संपादकांकडे मागणे आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर