फादर स्टीफन्स, त्या दोन ‘एल’बद्दल आभार

फादर थॉमस स्टीफन्स यांस,
राशोल, साष्टी, गोवा

सप्रेम नमस्कार वि. वि.

दर २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, तुमच्या ‘ख्रिस्तपुराणा’तली ओवी फलकांवर झळकते. खड्यांत जसे रत्न, रत्नांत जसा निळा हिरा, तशी भाषांत मराठी. तिच्याबद्दल तुमचे आभार मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी पुढची ओवी वाचलेली नसते. आमचे आभार फलकावर न मावणाऱ्या एका कामाबद्दल आहेत. हे मराठी पुराण रोमन लिपीत उतरवताना ‘ळ’ लिहायची वेळ आली तेव्हा तुम्ही रोमन ‘एल’ दोनदा लिहिलात. हे पत्र त्यासाठी.

४ एप्रिल १५७९ला तुम्ही लिस्बनहून निघालात तेव्हा जेमतेम तिशीचे होतात. २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरलात आणि १० नोव्हेंबरला, म्हणजे सतराव्या दिवशी, इंग्लंडातल्या वडिलांना पत्र लिहिलेत. परक्या मुलखात धर्मकार्याला गेलेल्या तरुणाचे घरी आलेले पहिले पत्र म्हटले की दर दोन ओळींनी देवाची कृपा येणार, अशी आपली अटकळ असते. तुमच्या पत्रात कृपा आहे, पण हिशेब जास्त आहे. केप ऑफ गुड होपपाशी पोचायला उशीर झाला की जहाजांना मादागास्करच्या आतून, मोझांबिकला थांबत जाता येत नाही. मग बेटाच्या बाहेरून जावे लागते. त्या वाटेवर बंदर नाही, त्यामुळे ताजे अन्न नाही, पाणी नाही. मग हिरड्या इतक्या सुजतात की कापून टाकाव्या लागतात, पाय सुजतात, हातपाय हलेनासे होतात आणि माणूस अशक्तपणाने मरतो. तुमच्या जहाजावर दीडशेच्या वर माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली, आणि एरवीच्या मानाने ही हानी थोडीच समजतात, असेही तुम्ही लिहून ठेवलेत. ‘क’ जीवनसत्त्वाचे नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते, पण कारण-कार्याची साखळी तुम्ही बरोबर मांडलीत.

दुसरी अडचण दिशेची. उत्तर-दक्षिण किती सरकलो ते सूर्याच्या उंचीवरून कळते. पूर्व-पश्चिम सांगणारा स्थिर बिंदू आकाशात नाही. म्हणून हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असताना जहाज प्रत्यक्षात तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, सोकोत्रा बेटाजवळ निघाले. किनारा खरोखर जवळ आल्याची खूण म्हणजे पक्षी, वाहत येणाऱ्या माडाच्या फांद्या आणि पाण्यावरचे साप. इतके बारीक पाहणारा माणूस पुढे ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक कानाआड करणार नाही, हे त्या पत्रावरूनच कळते.

साष्टीत तुम्ही आलात तो काळ चांगला नव्हता, आणि आभाराच्या पत्रातही ते झाकायला नको. त्या तालुक्यातली देवळे १५६७च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडली होती. १५८३च्या जुलैत कुंकळ्ळीला तुमच्या जेझुइट धर्मसंघाचे पाच सोबती मारले गेले, आणि नंतर गावच्या गांवकारांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिताना तुम्ही कुंकळ्ळीची हकिगत सांगितलीत, आणि तिथेच इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे हेही नोंदवलेत. भाषापंडित विल्यम जोन्सने तेच जाहीर सांगितले ते १७८६ साली. सोबत्यांच्या मृत्यूची वार्ता आणि धातुरूपांचे कौतुक एकाच कागदावर. तुमच्या श्रद्धेचे वर्णन करायला याहून नेमके ठिकाण आम्हांला सापडत नाही.

‘ख्रिस्तपुराणा’च्या सुरुवातीला एक ब्राह्मण तुम्हांला विचारतो की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? प्रश्न रास्त होता आणि टोचणाराही. उत्तर म्हणून पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वरु, म्हणजे अध्याय, मिळून १०,९६२ ओव्या; १६१६ साली राशोलला छापल्या. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा, ही ठेवण इथलीच. ‘वो नमो’ने आरंभ इथलाच. परमेश्वर इथला, वैकुंठसुद्धा इथला. प्रस्तावनेत तुम्ही सांगता की शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून आधीच्या कवेश्वरांचे अवघड शब्द सोडून दिले आणि ठायी ठायी ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे कोंकणीतले, सोपे शब्द मिसळले. सदतीस वर्षे भाषा शिकल्यावर शिकलेले सोडून देणे हे सर्वांत अवघड. आजच्या पंडितांना ते अजून जमत नाही.

आता त्या अक्षरांकडे. ट, ड, ण, ळ या मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून उच्चारायच्या, वर्णांसाठी व्यंजन दोनदा लिहायचे: ‘फळु’त दोन ‘एल’, ‘पुराण’मध्ये दोन ‘एन’. ‘मराठी’त दोन ‘टी’ आणि मागे ‘एच’. आज मोबाइलवर के-ए-एल टंकले की त्याचे काल, काळ, कल, कळ असे काहीही होते; तुमच्या पद्धतीत काल आणि काळ एकमेकांत मिसळत नाहीत. गोव्यातली रोमी कोंकणी अजून दोन ‘एल’च लिहिते.

नवख्या वाचकाची चूक होते ती ‘एस’पाशी. ‘भास’ शब्दातही तुम्ही ‘एस’ दोनदा लिहिता, पण तो मूर्धन्य नव्हे. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधला एकटा ‘एस’ झ-सारखा घोटला जातो, म्हणून तिथे दुहेरी. हे न कळल्याने ‘भास्सा’ वाचणारे आहेत. ‘क’ची गतही तशीच: ‘अ’पुढे ‘सी’ चालतो, पण ‘ए’ आणि ‘इ’पुढे पोर्तुगीज जीभ ‘सी’चा ‘स’ करते, म्हणून ‘केले’ला ‘क्यू-यू’. ‘देखुनु’तला ‘ख’ हा ‘क्यू-एच’. ‘व’ला बहुधा ‘यू’, त्यामुळे ‘कवित्व’ शब्दात दोन ‘यू’ दिसतात आणि दोन्ही ‘व’ असतात. शब्दाच्या शेवटचा ‘यू’ मात्र खरा उकार. देवनागरी करताना तो जुनाट समजून उडवला की ‘फळु’चे ‘फळ’ होते आणि पुढच्या चरणाचे यमक तुटते.

हे सगळे तुम्हांला हौस म्हणून करावे लागले नाही. १६०८ सालच्या पत्रात तुम्ही रोमला कळवलेत की इथल्या लिपीत पुस्तके छापावीत ही फार वर्षांची इच्छा आहे, पण युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, तर इथे सहाशेच्या घरात ठसे ओतावे लागतील. कारण साधे आहे: प्रत्येक व्यंजनाला काना-मात्रा-वेलांटी जोडून वेगळा ठसा. ते ठसे झाले नाहीत, म्हणून दोन ‘एल’ झाले.

१६१६, १६४९, १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. मंगळूरकडच्या घराण्यांनी हातांनी उतरवलेल्या पोथ्या उरल्या. त्यांतल्या पाच जुळवून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला आवृत्ती काढली, त्यांचेही आभार याच पाकिटात घातले आहेत. लंडनच्या मार्सडेन संग्रहातली देवनागरी पोथी कित्येक शंका मिटवते. शांताराम बंडेलूंनी १९५६ साली पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा ज्यांना रोमन वाचायचे जिवावर येते त्यांचीही सोय झाली.

एक तक्रार उरते. ‘अ’ आणि ‘आ’ या दोहोंसाठी तुम्ही एकच रोमन ‘ए’ ठेवलात. व्यंजनाला दोन अक्षरे दिलीत, स्वराला दिली असती तर काय बिघडले असते? ‘कर’, ‘करा’, ‘कार’ हे अजून यमक बघून, अर्थ बघून, कधी शेजारची ओवी मोठ्याने म्हणून ठरवावे लागते. दुसऱ्या पुराणातली काही स्थळे तशीच पेन्सिलने खूण करून ठेवली आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
रोमन प्रत शेजारी ठेवून ‘ख्रिस्तपुराण’ वाचणारे काही जण