उजनीचे फोटो घेऊन आमच्या शाळेत आलेल्या सरांना, मनापासून थँक्यू

सर, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणाले होते पण तेवढ्याने समाधान होईना, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी इतकी वर्षं उपग्रह प्रतिमेची व्याख्या फळ्यावर लिहून द्यायचे आणि पुढच्या धड्याला लागायचे. तुम्ही एसटीने आलात, सोबत उजनी धरणाच्या बॅकवॉटरच्या, सेंटिनेल-2 या उपग्रहाने टिपलेल्या दोन मोठ्या प्रिंट, एक नोव्हेंबरची आणि एक मे महिन्याची. नेमकी लाईट गेली, प्रोजेक्टर बंद, तर तुम्ही म्हणालात बरंच झालं, पोरं हातात धरून बघतील.

पहिलीच प्रिंट बघून पोरं ओरडली, सर आमच्याकडे आग लागलीय का, सगळं लालभडक! तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत, आधी शेजारच्या रानातून उसाचं पान आणायला लावलंत आणि मग ते हातात धरून सांगितलंत की हिरव्या पानावरून नियर इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फिरतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून चित्रात त्याला लाल रंग देतात, आणि पाणी तो शोषून घेतं म्हणून धरण काळं.

मग मैदानावर फक्कीने 10 बाय 10 मीटरचा चौकोन आखलात. अख्खा वर्ग आत उभा राहिला तरी जागा उरली. "तुम्ही सगळे मिळून या चित्रातला एक ठिपका," म्हणालात. आमचं घर का दिसत नाही म्हणून हिरमुसलेल्या पोरीला तिथे उभ्या उभ्या कळलं.

एकाने नोव्हेंबरच्या प्रिंटवर नवीनच तळं शोधलं होतं, त्याला तुम्ही चूक म्हणाला नाहीत, फक्त आजूबाजूला पांढरं काय आहे बघ म्हणालात. ढग! उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास जातो, सूर्य आग्नेयेला, म्हणून प्रत्येक ढगाची सावली वायव्येला पडलेली. त्याने स्वतःच तळं खोडलं. आता माझ्या वर्गात आधी 'काय दिसतंय' आणि मगच 'काय आहे', हा नियमच झालाय.

मे महिन्याची प्रिंट तुम्ही एका पोराला घरी नेऊ दिलीत ना, त्याच्या आज्जीचं गाव धरणात गेलेलं. पाणी मागे सरकलेल्या जागेवर बोट ठेवून ती म्हणे बराच वेळ बसली होती, आणि नदी कुठून वाहायची ते तिने नातवाला दाखवलं.

पुढच्या मे मध्ये नक्की या सर. उजनीच्या पाण्यात बुडालेलं पळसदेवचं देऊळ बाहेर आलं की पोरांना घेऊन जाऊ, प्रिंट बरोबर घेऊन.