कितव्या पानावर आहेस?

प्रिय ताई,

गेल्या महिन्यात तुम्ही ती वही माझ्या हातात दिलीत तेव्हा मला धड काही बोलता आलं नाही. सगळे निघायच्या गडबडीत होते, आणि तुम्ही इतक्या सहज दिलीत की जणू उशीच सरकवली. तेव्हा राहून गेलेलं आता लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते कुणालाही कुणासाठी करता येण्यासारखं आहे, आणि तरीही फारसं कुणी करत नाही.

वहीत तीनच रकाने: नाव, सध्या उघडं असलेलं पुस्तक, कितवं पान. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही आठ-नऊ जण गोल बसायचो आणि तुम्ही एकेकाला विचारून लिहून घ्यायचात. ‘वाचून झालेलं’ असा रकाना तुम्ही आखलाच नाहीत. ‘कसं वाटलं’ असाही नाही. मी पहिल्यांदा आले तेव्हा मला ही वही अपुरी वाटली होती.

त्या पहिल्या शनिवारी मी खोटं बोलले. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार. आई जाऊन चार महिने झाले होते. त्याआधीचे आठ महिने तिच्या उशाशी बसून गेले. त्या काळात पिशवीत कायम एक पुस्तक असायचं आणि मी तेच पान पुन्हा पुन्हा वाचायची. डोळे ओळीवरून फिरायचे, पण आत काही उतरायचं नाही. जी मी लहानपणापासून ‘सारखी पुस्तकात डोकं खुपसून बसलेली’ म्हणून ओळखली जायची, तिला वाचता येत नव्हतं. हे सांगायची लाज वाटत होती. म्हणून माझी पाळी आली तेव्हा दहा वर्षांपूर्वी वाचलेल्या एका जाडजूड कादंबरीचं नाव मी सांगितलं. तुम्ही नाव लिहिलंत, मान वर केलीत आणि विचारलंत, “कितव्या पानावर आहेस?”

मला आकडा सुचला नाही. खोटा आकडा सांगणं किती सोपं होतं, पण सुचला नाही खरा. दोन क्षण गेले. तुम्ही म्हणालात, “राहू दे, पान मागाहून लिहू,” आणि पुढच्या माणसाकडे वळलात. तो रकाना तुम्ही रिकामा ठेवलात. रेघ मारली नाहीत, प्रश्नचिन्ह काढलं नाहीत.

पुढच्या महिन्यात मी पुस्तकाचं नाव बदललं आणि खरं सांगितलं. पिशवीतलंच पुस्तक, पान ११. त्याच्या पुढच्या महिन्यातही पान ११. दुसऱ्यांदा ११ सांगताना माझा आवाज खाली गेला होता. तुम्ही आकडा लिहिलात आणि विचारलंत, “काय आहे गं त्या पानावर?”

ते पान मी इतक्या वेळा वाचलं होतं की मला जवळजवळ पाठ होतं. रात्री एक म्हातारी बाई दाराची कडी लावायला अंथरुणातून उठते, आणि दारापर्यंत जाईतो आपण कशाला उठलो तेच विसरते. तिथेच उभी राहते. मी एवढं सांगितलं. मग कोपऱ्यात बसणाऱ्या काकांनी विचारलं, “मग लावली का तिने कडी?”

मला माहीत नव्हतं. ते पान १२ वर होतं.

त्या रात्री मी पान उलटलं. काकांना सांगायचं होतं म्हणून उलटलं. स्वतःसाठी मला ते जमलं नसतं. पान १२ नंतर १३ वाचलं, मग थांबले. पुढच्या शनिवारी काकांना उत्तर दिलं आणि वहीत १३ लिहिलं. इतक्या महिन्यांनी दोन पानं, आणि तुम्ही ती दुसऱ्या कुणाच्या तीनशे पानांच्या शेजारी त्याच अक्षरात लिहिलीत.

त्यानंतर मी या वहीकडे नीट पाहायला लागले. आमच्यातल्या परिचारिका ताई रात्रपाळीत दोन-दोन पानं वाचायच्या आणि तेवढंच सांगायच्या. एक जण मुलाचं भूमितीचं पुस्तक वाचत होते, कारण मुलाला शिकवायचं तर आधी स्वतःला यायला हवं. तेही लिहिलं गेलं. पुस्तक संपवलेला माणूस बोलायला लागला की बहुधा निकाल देतो: उत्तम आहे, ठीक आहे, वाचाच. मधोमध असलेल्याला निकाल देता येत नाही. शेवट त्याला माहीत नसतो. तो अंदाज बांधतो, एखाद्या पात्रावर चिडलेला असतो, मागच्या महिन्यात जे म्हणाला ते या महिन्यात मागे घेतो. ऐकणाऱ्याला त्याच्याबरोबर चालता येतं. पुस्तकावरची इतकी जिवंत बोलणी मी दुसरीकडे ऐकलेली नाहीत.

तुम्ही एकदा डार्विनच्या वह्यांबद्दल सांगितलं होतंत. १८३८ पासून १८६० पर्यंत त्याने वाचनाच्या नोंदी ठेवल्या. वाचायच्या पुस्तकांची एक यादी, वाचलेल्यांची दुसरी. “आणि मधली?” असं मी विचारलं, तर तुम्ही आपल्या वहीवर बोट ठेवलंत. डार्विनला मधल्या यादीची गरज नसेल. मला होती.

दुसरी गोष्ट चौथ्या शतकातल्या मिलानच्या बिशप अँब्रोजची. तो आवाज न करता, मनातल्या मनात वाचायचा, आणि भेटायला आलेल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताला याचं इतकं नवल वाटलं की त्याने ते लिहून ठेवलं. अँब्रोज असं का वाचत असेल, याचे ऑगस्टीनने काही तर्क केले. त्यातला एक असा: मोठ्याने वाचलं तर ऐकणारा एखादी अवघड जागा समजावून सांगायला लावेल, आणि मग वाचायचं तेवढं वाचून होणार नाही. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मला माझा पहिला शनिवार आठवला. कुणी विचारेल, ही भीती सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्याही मनात येऊ शकते, हे ऐकून बरं वाटलं. आता तर कोण काय वाचतंय, ते विचारल्याशिवाय कळायचा मार्गच उरलेला नाही. पूर्वी निदान मुखपृष्ठ दिसायचं. आता माणूस फोनमध्ये वाचतो. समोरून पाहणाऱ्याला तो कादंबरी वाचतोय की वीजबिल, काय समजणार?

अर्धवट सोडायला तुम्ही शिकवलंत, त्याचेही आभार. अमेरिकेतल्या नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंचा नियम तुमच्या तोंडून ऐकला. पुस्तकाला ५० पानं द्यावीत, नाही रुचलं तर सोडावं. आणि पन्नाशी ओलांडली की १०० मधून आपलं वय वजा करून उरतील तेवढीच पानं द्यावीत. “मला ७१ वर्षं झाली, म्हणजे २९,” असं म्हणून तुम्ही एक पुस्तक ३० व्या पानावर मिटलंत आणि वहीत तसं लिहिलंत. संपवलंच पाहिजे या ओझ्याखाली मी किती वर्षं चांगली पुस्तकं उघडलीच नव्हती, ते त्या दिवशी कळलं. आधीचं संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही, असा माझा खाक्या होता. नको असलेलं एक पुस्तक वाट अडवून बसायचं आणि मागची सगळी रांग खोळंबायची.

तुम्ही आयुष्यभर ग्रंथपाल होतात, त्यामुळे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ ची ग्रंथालयाची पाच सूत्रं तुमच्या बोलण्यात सहज येतात. त्यातलं तिसरं, ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’, मला नेहमी देवाणघेवाणीच्या काउंटरवरचं वाटायचं. पण माझ्या पान ११ ला वाचक मिळाला तो कोपऱ्यातल्या काकांच्या रूपाने. काकांनी पुढे ते पुस्तक माझ्याकडून नेलं, आणि माझ्या आधी संपवलं. संपवूनही मला शेवट सांगितला नाही. दर महिन्याच्या शनिवारी फक्त आकडा विचारायचे. मी ते सात महिन्यांनी संपवलं, आणि तेव्हा आम्ही दोघं त्या म्हातारीबद्दल बोललो. त्या बोलण्यात मी पहिल्यांदा आईबद्दल बोलू शकले.

ताई, तुमचे डोळे आता साथ देत नाहीत, हे तुम्ही वही देताना एका वाक्यात सांगितलंत आणि विषय बदललात. वहीत लिहायला आता मला सांगितलंय, ते मी लिहीन. पण एक गोष्ट न विचारता ठरवली आहे. मंगळवारी परिचारिका ताई आणि रविवारी मी तुमच्याकडे येऊन वाचून दाखवणार. पुस्तक तुम्ही निवडा. २९ पानांत नाही रुचलं तर सांगा, आम्ही मिटू.

परवा शनिवार आहे. सगळ्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत. तुमच्या नावापुढचे दोन्ही रकाने रिकामे ठेवले आहेत.

तुमची,
पान ११ वाली