वजनाबरोबर जबड्याचंही माप घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मागच्या आठवड्यात घोरण्यावर लेख आला. शेजारी पोट सुटलेल्या माणसाचं व्यंगचित्र आणि 'वजन घटवा, घोरणं पळवा' असा मथळा. लेखात खोटं काही नव्हतं. वजन वाढलं की गळ्याभोवती आणि जिभेतसुद्धा चरबी साठते, श्वासाची वाट अरुंद होते, हे बरोबरच आहे. पण आमच्या घरात ज्यांनी तो लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता, त्यांनी चित्र बघूनच पुरवणी मिटली. आमच्यात पोट सुटलेलं कुणी नाहीच.

मी सांगलीत दातांची लॅब चालवतो. दवाखान्यातून तोंडाचं माप येतं, त्यावरून मी प्लास्टरचे साचे काढतो आणि कवळ्या, कॅप, ब्रिज करून देतो. माझं वजन ५८ किलो. तरीही झोपेच्या तपासणीत माझा श्वास तासाला तीसहून जास्त वेळा अडतो असं निघालं. पाचच्या आत असेल तर ठीक समजतात, तीसच्या पुढं गेलं की आजार तीव्र. त्याचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरकते आणि वाट बंद होते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. मग मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, मोठा घुरका येतो आणि पुन्हा तेच सुरू. सकाळी ज्याचं त्याला काही आठवत नाही. बायकोला सगळं आठवतं.

या तपासणीपर्यंत पोचायलाच मला बराच काळ लागला. दुपारी काम करता करता हातातलं मेण गार होईपर्यंत डुलकी लागायची, रक्तदाब वाढलेला. एका डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "अहो, तुम्ही काडीपैलवान, तुम्हाला कुठला घोरण्याचा आजार? टेन्शन कमी करा." गळ्याचा घेर विचारला, पोटाचा मोजला. तोंड उघडायला काही त्यांनी सांगितलं नाही.

उघडायला सांगितलं असतं तर दिसलं असतं. आमच्या भावकीची हनुवटी आत आहे. खालचा जबडा आखूड, वरचा टाळू अरुंद आणि खोल. वडिलांची कवळी मीच केली होती. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत एवढं अंतर राहत होतं की ते बसवता बसवता माझ्या नाकीनऊ आले. चुलत्यांचं तोंड तसंच, धाकट्या भावाचं तसंच, बहिणीचंही तसंच. घर एका खोलीचं आणि सामान चार खोल्यांचं असलं की जी अडचण होते, ती आमच्या जिभेची होते. दिवसा स्नायू जागे असतात म्हणून निभावतं.

आता हे नुसतं माझ्या लॅबमधलं निरीक्षण नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडला १९९० पासून डॉक्टरांनी रुग्णांबरोबर त्यांच्या नात्यातल्या माणसांचीही झोप तपासली. हा आजार कुटुंबात फिरतो, हे त्यातून पक्कं झालं. तासाला किती वेळा श्वास अडतो या आकड्यात माणसागणिक जो फरक असतो, त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा घराण्याचा. या अनुवंशिक भागापैकी सुमारे ४० टक्के भाग लठ्ठपणाशी सामाईक निघाला. म्हणजे निम्म्याहून जास्त भाग वजनाच्या वाटेनं येतच नाही.

मग तो कुठून येतो? २०२१ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दोन लाखांहून जास्त लोकांची जनुकं तपासली. त्यात १६ हजारांवर रुग्ण होते. गुणसूत्रांवरच्या पाच जागा हाती लागल्या. त्यातली एक एफटीओ जनुकाजवळची, आणि ते जनुक लठ्ठपणाशी जोडलेलं म्हणून २००७ पासूनच माहीत आहे. वजनाचा परिणाम हिशेबातून वजा केला तेव्हा एकाच जागेचा संबंध वजनापासून स्वतंत्र म्हणून टिकला. मी शास्त्रज्ञ नाही, पण माझं मत असं की याचं कारण दवाखान्यांच्या नोंदीत आहे. वजनकाटा प्रत्येक दवाखान्यात असतो, त्यामुळं वजनाची नोंद होते. जबड्याची लांबी केसपेपरवर कुणी लिहीत नाही. जे मोजलंच नाही, त्याचं जनुक यादीत येणार कसं?

जबडाच सगळं काही, असंही मला म्हणायचं नाही. झोपेत जिभेचा स्नायू किती साथ देतो, माणूस किती चटकन जागा होतो, श्वास अडल्यावर मेंदू त्याची भरपाई किती आततायीपणे करतो, हेही प्रत्येकात वेगळं असतं आणि त्यावर चांगलं संशोधन झालंय. लहान मुलांत तर वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) हेच मोठं कारण. पण आपल्याकडं चर्चा येते ती वजनावर आणि तिथंच थांबते. डिसेंबर २०२४ मध्ये वजन घटवणाऱ्या तिर्झेपटाइडच्या इंजेक्शनला अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली, तेव्हा माझ्या ओळखीच्या तिघाचौघांनी ती बातमी मला पाठवली. ती मान्यता लठ्ठ रुग्णांसाठी आहे. ५८ किलोच्या माणसानं ते टोचून काय कमी करायचं?

हाँगकाँग आणि सिडनी इथल्या रुग्णांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. आजार सारख्याच तीव्रतेचा, पण गोरे रुग्ण वजनानं जास्त आणि चिनी रुग्णांच्या चेहऱ्याच्या हाडांची चौकट लहान. आजार एक, तरी तिथं पोचायच्या वाटा दोन. आपली वाट कुठली? मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांनी ३५ ते ६५ वयाच्या २५० पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये मांडला, तेव्हा १९.५ टक्के जणांत झोपेतल्या श्वासाचा बिघाड दिसला. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज काढला की कामाच्या वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार आहे. आकडे आहेत. पण ही माणसं कुणाची मुलं, कुणाची भावंडं, त्यांचे चेहरे कसे, हे आकड्यांत नसतं.

आपल्याकडं असं काम होऊ शकत नाही म्हणावं, तर पुण्याचं उदाहरण समोर आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं मोजली, आणि भारतीय बाळ अंगानं बारीक पण चरबीनं भरलेलं असतं हे जगाला दाखवून दिलं. २००४ मध्ये त्यांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, २२.३. इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के चरबी, डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. तो फोटो मी कापून लॅबमध्ये लावला आहे.

आपल्या भागात तर अशा अभ्यासासाठी माणसं शोधत हिंडायलाही नको. भावकी एका गल्लीत राहते. बहिणी दिलेल्या असतात पलूस, तासगाव, फार तर खटाव-माणपर्यंत. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल अजून आहे, आणि अनुवंशशास्त्राच्या अभ्यासात अशा घराण्यांना महत्त्व असतं. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्यात दंत महाविद्यालयं आहेत. दातांना तारा लावण्याआधी मुलांच्या चेहऱ्याचा बाजूनं एक्स-रे काढतात. त्यात जबड्याची लांबी, जिभेमागची जागा, घशातल्या हायॉइड हाडाची पातळी, सगळं मोजता येतं. झोपेची तपासणी आता घरीही होते, बोटाला आणि नाकाला यंत्र लावून. देशातल्या १० हजार माणसांच्या जीनोमची, म्हणजे सगळ्या जनुकीय आराखड्याची, माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. जनुकांच्या अशा माहितीला झोपेची आणि जबड्याची मापं कुणीतरी जोडायला हवीत.

साचे मात्र जपून ठेवायला हवेत. माझ्याकडं जुन्या गिऱ्हाइकांचे, एकाच घरातल्या दोन-दोन पिढ्यांचे साचे फळीवर होते. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, गावभागातली लॅब बुडाली आणि त्या साच्यांचा लगदा झाला. बाकीच्या लॅबमध्ये पूर न येताही ते कचऱ्यात जातात, कारण कवळी दिली की साच्याचं काम संपलं.

संशोधनाची फळं यायची तेव्हा येतील. तोवर डॉक्टरांनी एवढं तरी करावं: एका माणसाला हा आजार निघाला की त्याच्या भावंडांना बोलवावं. साखरेचा रुग्ण आला की 'घरात कुणाला आहे का' हे आपण विचारतोच. माझ्या वेळी हे कुणी विचारलं नाही. बहिणीला वर्षानुवर्षं रक्त कमी आहे म्हणून गोळ्या चालू होत्या. बाई घोरते हे सासरी कोण बोलणार, आणि पाळी गेल्यावर हा धोका वाढतो हे तिला कोण सांगणार? भावाची काळजी मला जास्त वाटते. तो ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो, मागं दोन ट्रॉल्या. हंगामात रात्र रात्र कारखान्याच्या काट्यावर नंबर लावून बसायचं, पहाटे परत फडावर. स्टेअरिंगवर मान पडली तर सगळे म्हणतात, जागरण झालंय. जागरण असेलही. पण आमचा जबडा बघता मला तेवढ्यावर सोडवत नाही. तपासणीला तो नको म्हणतो, कारण लायसन जाईल ही भीती.

मी रात्री सीपॅप लावतो. नाकावर मास्क असतो आणि यंत्र हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये शोधलेला हा उपाय. सौम्य आजार असेल तर खालचा जबडा काही मिलिमीटर पुढं धरून ठेवणारं अ‍ॅक्रिलिकचं साधनही चालतं. ते माझ्यासारख्या लॅबमध्येच बनतं, आणि त्याची ऑर्डर माझ्याकडं क्वचित येते. यात माझा धंद्याचा स्वार्थ आहे असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

मिरजेच्या किंवा पुण्याच्या कुठल्याही संस्थेनं असा कौटुंबिक अभ्यास हाती घेतला, तर आमच्या भावकीतले जे तयार होतील त्यांचे साचे मी स्वतः, पैसे न घेता काढून देईन. वडिलांची कवळी अजून घरात आहे, तीही देईन. आमच्या तीन पिढ्यांत कोण कुणाचा, कोण घोरतो, कुणाला रक्तदाब, कुणाला झटका आला, याची वंशावळ मी कागदावर उतरवून ठेवली आहे. भावाला तपासणीसाठी राजी करायचं काम माझ्याकडं लागलं. हंगाम संपला की त्याला घेऊन येतो.

आपला वाचक,
एक डेंटल टेक्निशियन,
गावभाग, सांगली