पीएच.डी. प्रवेशात उमेदवाराने लिहिलेला प्रोग्रामही तपासावा : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी संगणकशास्त्राचा प्राध्यापक असून कंपायलर हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवणारा कंपायलरच चुकला, तर मूळ प्रोग्राम निर्दोष असूनही उत्तर चुकते आणि दोष कुठे आहे हे लिहिणाऱ्याला लवकर उमगतही नाही. युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी आपोआप तयार केलेले प्रोग्राम देऊन सी भाषेचे कंपायलर तपासले, तेव्हा तोवर अज्ञात असलेले ३२५ हून अधिक दोष सापडले. २०११ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. तपासलेले कंपायलर रोजच्या वापरातलेच होते.

अशा कामासाठी विद्यार्थी निवडायचा कसा, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. आमच्याकडे अंतिम यादीत बहुपर्यायी लेखी परीक्षेचे गुणच निर्णायक ठरतात. गेल्या मुलाखतींत मी उमेदवारांसमोर एक लूप, म्हणजे प्रोग्राममधला पुन्हा पुन्हा चालणारा भाग, ठेवला. त्यातल्या एका भागाकाराच्या दोन्ही संख्या लूप फिरताना बदलत नव्हत्या. असा भागाकार बाहेर काढून एकदाच करावा, असे बहुतेकांनी चटकन सांगितले. एक विद्यार्थिनी मात्र बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, लूप एकदाही फिरला नाही आणि भाजक शून्य असला, तर?" मूळ प्रोग्राममध्ये तो भागाकार झालाच नसता, बाहेर काढल्यावर धड चालणारा प्रोग्राम कोसळू शकला असता. अशी शंका येणाऱ्या माणसाचीच आम्हाला गरज असते. लेखी परीक्षेतले दोन गुण कमी पडले आणि तिचा प्रवेश हुकला, याची मला आजही खंत वाटते.

सी भाषेचा क्लँग हा कंपायलर आणि रस्ट व स्विफ्ट या भाषांचे कंपायलर ज्याच्या आधारे उभे आहेत, त्या एलएलव्हीएम या कंपायलर बांधण्याच्या साधनसंचाचे काम २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाले आणि त्याची रचना एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधात मांडली गेली. विद्यार्थ्याने बांधलेली गोष्ट त्याची पात्रता किती स्पष्ट दाखवते, हे यावरून लक्षात यावे.

लेखी परीक्षा रद्द करा, असे माझे म्हणणे नाही. ती किमान पात्रतेपुरती ठेवावी. पुढची निवड उमेदवाराने लिहिलेल्या एखाद्या छोट्या कंपायलरवर किंवा मुक्त (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर प्रकल्पात स्वीकारल्या गेलेल्या दुरुस्तीवर आणि त्यावरील चर्चेवर व्हावी. दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवले जाईल, ही शंका रास्त आहे. म्हणून समितीसमोर बसवून त्याच प्रोग्राममध्ये एक बदल करून घ्यावा. मार्गदर्शकाकडून पक्षपात होऊ नये यासाठी समितीत एक बाहेरचा परीक्षक असावा, आणि दोघांचेही शेरे लेखी असून उमेदवाराला मागताच मिळावेत. पुढील प्रवेशाची अधिसूचना निघण्यापूर्वी याचा विचार व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
संगणकशास्त्राचा एक प्राध्यापक