राजवाड्याच्या मागच्या अंगाचे फोटो

रामबाग, इंदूर
रंगपंचमीनंतरचा रविवार

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "दादांच्या अल्बममधले फोटो ग्रुपवर टाकले तर लोक म्हणतील, हा मिरवतोय." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

अरे, ते फोटो टाकायलाच हवेत. होळकरांच्या राजवाड्याचा दर्शनी भाग सगळ्यांनी पाहिलाय. सात मजले, त्यातले खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जळाला आणि तो आधी कसा होता हे सांगणारी माणसं आता कमी होत चाललीत. ग्रुपवर सध्या तोच विषय आहे. आतल्या खांबांवर नक्षी होती का, सज्जा कुठवर यायचा, यावर जो तो आठवणीवर हवाला ठेवून बोलतोय. तुझ्याकडे दादांनी स्वतः काढलेले, आगीच्या आधीचे फोटो आहेत. चाललेल्या बोलण्याला ज्या फोटोतून काही मिळतं, तो टाकण्यात कसलं आलंय मिरवणं?

मिरवणं कशाला म्हणतात ते सांगतो. मध्यंतरी आमच्या ओळखीच्या एका काकूंनी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचा, म्हणजे होळकरांच्या समाधीवास्तूंचा, संध्याकाळी काढलेला फोटो टाकला. त्यांनी विचारलं होतं, शिखरं मागे कलल्यासारखी का दिसतात? उत्तर साधं होतं. उंच इमारत चौकटीत बसवायला आपण फोन वर उचलून तिरपा धरतो, म्हणून उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. चार पावलं मागे जाऊन फोन सरळ धरला की झालं. पण कुणी हे सांगितलंच नाही. एकामागून एक मंडळी आपापले छत्र्यांचे फोटो टाकत सुटली. "हा माझा", "हा मी दिवाळीत काढलेला". फोटो सुरेख होते, पण काकूंचा प्रश्न त्यात पार बुडाला. मी नंतर त्यांना वेगळं कळवलं, तरी त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. मला ते फार लागलं. दुसऱ्याने मांडलेल्या फोटोखाली आपला फोटो टाकायचा तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच टाकावा, आणि तोही आधी दोन ओळी त्याच्या फोटोबद्दल लिहून. एरवी आपला फोटो आपल्या वेळी, वेगळा टाकावा.

तेव्हा अख्खा अल्बम एकदम ओतू नकोस. विषय मागच्या भागाचा आहे, तर ते दोन-तीनच निवड. मुंजीचे, सहलीचे राहू देत. आणि प्रत्येकासोबत लिही: कुणी काढला, अंदाजे कधी, कुठे उभं राहून, कुठल्या दिशेला तोंड करून. साल नक्की नसेल तर "आगीच्या आधीचा, साल ठाऊक नाही" असंच लिही. अंदाजाने टाकलेलं साल पुढे दहा ठिकाणी खरं म्हणून फिरतं.

आता फोटोवरून फोटो काढायचा कसा, ते नीट वाच. प्रिंट अल्बमच्या प्लॅस्टिकखालून काढ, नाहीतर त्यावर ट्यूबलाइटची तिरीप येते. कोपऱ्यांत अडकवलेले असतील तर हलक्या हाताने सोडव. डिंकाने चिकटवलेले असतील तर मात्र ओढू नकोस, पानासकट घे. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नको. फ्लॅश बंद. फोन प्रिंटला अगदी समांतर धर आणि पांढरी किनार कापू नकोस. किनार दिसली की फोटो पूर्ण आहे हे बघणाऱ्याला कळतं. प्रिंट उलटी करून मागच्या बाजूचाही फोटो घे. दादांना मागे पेन्सिलीने लिहायची सवय होती, शिवाय धुऊन देणाऱ्या स्टुडिओचा शिक्का असतो, त्यावरून काळ ठरवता येतो.

आणि कृपा करून कुठल्याही ॲपमधून ते "स्वच्छ" करू नकोस, रंगही भरू नकोस. ही ॲप्स पुसट जागी स्वतःच्या मनाने रेषा भरतात. नसलेली जाळी उमटते, माणसाचे डोळे बदलतात. जिथे लोक खांबावरची नक्षी ताडून बघणार आहेत तिथे असा फोटो म्हणजे खोटी साक्ष. उजेड थोडा वाढवलास तर तसं लिही, म्हणजे झालं.

हक्काचं विचारत होतास. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क, तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे दादांच्या फोटोंवर आता तुम्हा भावंडांचा हक्क आहे. ताईला आधी कळव. मधोमध मोठं नाव छापून फोटो मात्र बिघडवू नकोस. जुन्या काळचे नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ मध्ये आपल्याच इंदुरात बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरीला आले आणि १८७४ च्या सुमारास इथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्यांच्या कितीतरी फोटोंवर खालच्या कडेला सही आणि क्रमांक असतो. बघणाऱ्याच्या आड तो येत नाही, आणि काम कुणाचं ते कळतं. तूही खाली कोपऱ्यात दादांचं नाव घाल.

तुझ्या स्वतःच्या फोटोंबाबत थोडं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होऊन जातो, पण त्यातली जागेची नोंदही गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलास तर मूळ फाइल जाते आणि लोकेशन चालू असेल तर घराचा ठावठिकाणाही तिच्यासोबत जातो. घरात काढलेले फोटो पाठवताना हे लक्षात ठेव. यशवंतसागर तलावावर सारस पक्षी दिसला तर फोटो जरूर टाक, पण घरटं नेमकं कुठे आहे ते नको, दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते. आणि परवाच्या गेरमधले, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीतले, भिजलेल्या पोरीबाळींचे जवळून घेतलेले चेहरे काहींनी न विचारता टाकले, त्याचा मला अजून राग आहे. रस्त्यावर असणं म्हणजे परवानगी नव्हे.

फोटो टाकलास की लोक बोलतील. एखादा म्हणेल, हा राजवाडाच नव्हे. चिडू नकोस, त्याला प्रिंटची मागची बाजू दाखव. चूक निघाली तर फोटो काढून टाकू नकोस, खाली दुरुस्ती लिही. फोटो हटवला की खालच्या सगळ्यांच्या उत्तरांना अर्थ उरत नाही, आणि चार जणांनी खपून सांगितलेलं वाया जातं.

सज्जाखाली तुझी आत्या उभी आहे तो फोटो सगळ्यांत कामाचा, कारण माणूस शेजारी असल्याने खांबाची उंची कळते. पण त्या अजून आहेत, तेव्हा आधी त्यांना फोटो दाखव आणि टाकू का म्हणून विचार. दिवस कुठला, कॅमेरा कुणाचा, त्या काय सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे आणि फोटोखाली घाल. त्या नको म्हणाल्या तर उरलेले दोन टाक.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ