आग्वादच्या जेलातली शिस्त आठवणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोलवाळच्या जेलात मोबाईल सापडला किंवा कैद्यांची मारामारी झाली अशी बातमी आली की आपल्याकडं एक बोलणं ठरलेलं असतं, पोर्तुगिजांच्या काळात असलं काही चालत नव्हतं, तेव्हा आग्वादात कैदी चिडीचूप असायचे. परवा डिचोलीच्या बाजारात चहा पिताना एका चांगल्या शिकलेल्या माणसानं हेच सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते फार लागलं, म्हणून हे पत्र.

चिडीचूप होते, पण का होते? अहो तेव्हा जेलाबाहेरचा गोवासुद्धा चिडीचूपच होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लग्नाची पत्रिका छापायची म्हटलं तरी आधी सेन्सॉरला दाखवावी लागायची, सभा घ्यायची तर परवानगी हवी, आणि म्हणूनच 18 जून 1946 ला मडगावात राममनोहर लोहिया नुसते बोलायला उभे राहिले तर तेवढ्यानं सरकार हादरलं. त्यानंतर काही दिवसांतच गोव्याच्या लढ्यातले पुढारी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना धरलं, आग्वादात ठेवलं, आणि या साध्या नागरिकाचा खटला चालवला लष्करी कोर्टात. शिक्षा 8 वर्षं, रवानगी थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही तिकडंच पाठवलं. आपल्या माणसाला भेटायला घरच्यांनी समुद्र ओलांडून जायचं कसं? कैद्याला त्याच्या मुलखातून उचलून असं लांब नेऊन टाकायचं हाच त्या शिस्तीचा मुख्य भाग होता, मग इथलं जेल शांत दिसणारच.

आणि पोलीस कोठडीत काय चालायचं ते तर विचारूच नका. बाळा राया मापारी 18 फेब्रुवारी 1955 ला कोठडीतल्या मारानं गेले. आपल्या मुक्तिलढ्याचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांचं नाव आपण घेतो, पण ते लढताना गोळी लागून गेले नाहीत, बंद खोलीत, सरकारच्या ताब्यात असताना गेले, हे मुलांना सांगताना आपण का गाळतो तेच मला कळत नाही. त्याच वर्षी मधू लिमये सत्याग्रह करायला आले, त्यांनाही कोठडीत बेदम मारलं आणि वर 12 वर्षांची शिक्षा ठोकली. नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये हेही त्याच वर्षी आत गेले, त्यांना दहा-दहा वर्षं. ही मंडळी 1957 मध्ये सुटली.

मोहन रानडे मात्र नाही सुटले. सांगलीकडचा हा माणूस सावईवेऱ्याला मराठी शिकवायला आला आणि हत्यार घेऊन लढ्यात उतरला. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडला, शिक्षा 26 वर्षं, मग पोर्तुगालात लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात, त्यातली कितीतरी वर्षं एकट्यानं कोठडीत. 19 डिसेंबर 1961 ला इथं आपण मुक्त झालो, तिरंगा लागला, निवडणुका झाल्या, आपले मुख्यमंत्री झाले, आणि रानडे तिथं आतच. जानेवारी 1969 ला सुटले. म्हणजे ज्या सरकारची गोव्यातली सत्ता संपून सात वर्षं झाली होती त्याच सरकारच्या जेलात ते राहिले. शिस्त होती म्हणणाऱ्यांनी या सात वर्षांचा हिशोब आधी द्यावा.

आता दुसरी गोष्ट. कैदी भडकतात ते माजल्यामुळं भडकतात, असंही एक मत आहे. ब्रिटिश हद्दीतल्या जेलांचा इतिहास थोडा वाचला तर दिसतं की बहुतेक वेळा भांडण अगदी रोजच्या वस्तूवरून पेटलंय. 1838 मध्ये एका सरकारी कमिटीनं (इंग्रजी शिक्षणवाले मेकॉलेसाहेब त्यात होते) जेलं आणखी कडक करा असा रिपोर्ट दिला. तोवर कैद्याला बऱ्याच ठिकाणी रोजचे पैसे मिळायचे आणि तो आपलं आपण रांधून खायचा, ते बंद करून सगळ्यांचं एकत्र शिजवायला लागले तर बिहारात जेलांमधून दंगे झाले. मग 1855 मध्ये आरा आणि मुझफ्फरपूरच्या जेलांत पितळेचे लोटे काढून घेतले, कारण काय तर कैदी ते डोक्यात घालतील, आणि हातात दिली मातीची भांडी. वरून बघितलं तर क्षुल्लक वाटतं. पण पितळेचा लोटा राखेनं घासला की चकचकीत आणि शुद्ध, आणि माती तर सगळं पिऊन घेते, ती कितीही धुतली तरी ज्याला विटाळ वाटतो त्याचा वाटायचा राहत नाही, आणि तेच भांडं शौचाला आणि तेच प्यायला. जात आणि सोवळं मला स्वतःला मान्य नाही, पण त्या माणसाकडं स्वतःचं म्हणून तेवढं एकच उरलं होतं आणि तेही न विचारता हिसकावलं हे तर दिसतंय ना. मुझफ्फरपुरात गावातले लोक आणि आसपासचे शेतकरी जेलाभोवती जमा झाले, शेवटी साहेबांनी लोटे परत दिले.

अंदमानात 1933 च्या उपोषणातल्या मागण्या बघा, बरं जेवण, साबण, दिवा, वाचायला पेपर. एवढ्यासाठी महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र हे तिघं गेले, नाकातून नळी घालून जबरदस्तीनं दूध पाजल्यामुळं. लाहोरला जतीन दास त्याआधीच, 13 सप्टेंबर 1929 ला, 63 दिवसांच्या उपासानं गेले होते, त्यांचीही मागणी राजकैद्यांना माणसासारखं वागवा हीच.

आग्वादातले शेवटचे कैदी 2015 मध्ये हलवले, आणि 2021 पासून ते स्मारक म्हणून सगळ्यांना खुलं आहे, हे फार चांगलं झालं, मी जातो, पाहुण्यांनाही नेतो. रेईश मागुशचा किल्लासुद्धा 1993 पर्यंत जेलच होता हे आज तिथं फोटो काढणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल? आग्वादला पावसाळ्यात एकदा जा आणि कोठडीत दार ओढून पाच मिनिटं नुसतं उभं राहा, खाली समुद्र आपटत असतो आणि चिऱ्याच्या भिंतीची ओल अंगाला लागते. मग बाजारात बसून शिस्तीचं बोला.

आपल्या पेपराला माझी एक विनंती आहे. बार्देश, पेडणे, सत्तरी, डिचोली इथल्या कितीतरी घरांतली माणसं त्या काळात आत होती, त्यांची नावं मोठ्या पुस्तकांत नाहीत. आत खायला काय मिळायचं, कशासाठी मार बसायचा, कधी सगळ्यांनी मिळून ताट परत केलं का, हे त्यांच्या मुलाबाळांना अजून आठवतंय, ते दर आठवड्याला एक असं छापा. आणि कोलवाळात पुढच्या वेळी गडबड झाली की जेलरसाहेबांचं निवेदन छापताना कैद्यांची तक्रार काय होती तेही विचारून छापा, आत बरेचसे कच्चे कैदी आहेत, ज्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीतही झालेला नाही.

आपला नेहमीचा वाचक,
डिचोली, गोवा